तीनशे पावलं

"आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा," फिजिओथेरपिस्ट ब्रॉन्विन म्हणाली. "घाई कसली, मावशी?"

मिलेनाला घाईच होती. खुब्याचा सांधा बदलून सहा आठवडे झाले होते. टेकडीत कोरलेल्या तिच्या घरात भिंत धरून ती दिवसभर चालत राही. अशी जिद्दीची म्हातारी ब्रॉन्विनने ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या खाणगावात दुसरी पाहिली नव्हती.

"कुठवर जायचंय तुम्हाला?"

"आमच्या जुन्या खाणीपर्यंत. घरामागे तीनशे पावलं. स्तिपे तिथे आहे."

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी मिलेनाचा नवरा स्तिपे ओपलची रत्नं शोधायला शिडीने खाली उतरला, तो वर आलाच नाही. आतली भुयारं ढासळलेली; पोलिसांनी शोध सोडून दिला. तेव्हापासून ऑपरेशन होईपर्यंत मिलेना रोज खाणीच्या तोंडाशी जाऊन बसायची.

"एक्स-रेत खुब्याला जुना मार दिसतो," ब्रॉन्विनने सहज विचारलं. "पडला होतात?"

"स्तिपेने ढकललं होतं. हात उचलायची सवय होती त्याला."

"तरी त्याच्यासाठी एवढं चालताय?"

"नवरा आहे, पोरी. टाकून कशी देऊ?"

शुक्रवारी सकाळी दोघी निघाल्या. लाल मातीत वॉकर रुतत होता. दोनशेव्या पावलाला मिलेनाचे ओठ पांढरे पडले.

"मावशी, परत फिरू या."

"नाही. खूप उशीर झालाय आधीच."

खाणीचं तोंड पत्र्याने झाकलेलं होतं. वारा पडला होता, तरी पत्रा हलकेच थरथरत होता.

"पाच मिनिटं एकटीला राहू दे मला," मिलेना म्हणाली.

"राहा. पण वाकायचं नाही हं!" डोळे पुसत ब्रॉन्विन घरापाशी लावलेल्या गाडीकडे गेली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज येईतो मिलेना थांबली. मग तिने वॉकरच्या पायाने पत्रा बाजूला सारला. खालून गार, कुबट हवा वर आली.

"स्तिपे," ती हळूच म्हणाली, "टाकलेले खाण्याचे डबे पुरले का रे?"

वॉकरवर भार टाकून तिने कान दिला. मग अंधारातून एक झिजलेला आवाज आला.

"मिलेना... आता तरी शिडी सोड गं."