बिननावाच्या बरण्या

ह्यांनी ओट्यावरच्या वाटीतल्या हिरव्या गोळ्या तळहातावर चुरडल्या, डोळे मिटून वास घेतला आणि जमलेल्या मित्रांना म्हणाले, "आहाहा! संत्र्याची साल! हे हॉप्स सुगंधाचे. अगदी शेवटी टाकायचे."

हॉप्स म्हणजे बिअरला चव आणणाऱ्या फुलांच्या गोळ्या; घरच्या बिअरला ह्यांचे दोन प्रकारचे. कडवटपणाचे तासभर उकळायचे, सुगंधाचे गॅस बंद करताना घालायचे. दिसायला दोन्ही सारखेच. तरी आमच्या बरण्यांवर नावं नाहीत, कारण ह्यांना नाक आहे. मी एकदा वास घ्यायला गेले, तर चारचौघांत म्हणाले होते, "ठेव ते. फोडणीपलीकडे तुला काय कळतंय?"

गेल्या महिन्यात ह्यांना ताप येऊन गेला. त्यानंतर एकदा दूध करपलं, घरभर वास सुटला, तरी हे ओट्याशेजारी पेपर वाचत बसले होते. मी तेव्हाच ओळखलं.

मित्रांपैकी कोल्हटकरांनी वाटी हुंगली. "छे! ह्याला तर गवताचा वास येतोय."

"येणारच," मी म्हणाले. "लेकीच्या सशाचा खुराक आहे तो."

सगळे पोट धरधरून हसले.

पातेलं उकळायला लागलं होतं. दोन्ही बरण्या घेऊन हे माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "मला कसलाच वास येत नाही गं. कडवट कुठले, तेवढं सांग."

बरण्या मीच भरते, मला पक्कं माहीत होतं. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अगोबाई, वासच येत नाही? मग मला कशाला विचारता? फोडणीपलीकडे मला काय कळतंय?"