बाबांची मॅच

लिफ्टवाल्याने घराचं दार उघडलं तेव्हा टीव्ही आधीच चालू होता. हिरवं मैदान, मुंग्यांएवढे खेळाडू आणि तीच तीस वर्षांपूर्वीची पिपाणी.

"आलास? बस. संघ निवडून ठेवलेत," बाबा म्हणाले.

दिवसभर अकरा मजली इमारतीत लिफ्ट दुरुस्त करताना दोर ओढून त्याची मनगटं भरून आली होती. तरी त्याने हात धुतले आणि जॉयस्टिक घेतली. आई गेली तेव्हा माळ्यावरचा हा लहानपणीचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम त्यानेच खाली काढला होता. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा. म्हाताऱ्याने तो खेळ असा धरून ठेवला की दोन वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही.

"आज लोळवतो बघ तुला!"

"दात पडले, पण तोरा काही पडत नाही बाबा."

त्याने नेहमीसारखा गोलकीपर मुद्दाम लांब नेला. समोर गोल सताड उघडा. बाबांनी चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. नजर गेली बिचाऱ्यांची, त्याला वाटलं. मग त्याने आपलाही चेंडू बाहेर घालवला. शून्य-शून्य. रोजचंच.

मॅच संपली. बाबा डोळे पुसत होते. रोज असेच भरून यायचे त्यांचे डोळे.

इतक्यात साहेबांचा फोन आला. तो गॅलरीत गेला.

"काय ठरलं? आज शेवटचा दिवस," साहेब म्हणाले.

बढतीची जागा होती, बंदराच्या गावाला. महिन्यातले वीस दिवस फिरती. बाबांना न्यायला ताई एका पायावर तयार होती. पण तिच्याकडे जुळ्यांच्या रगाड्यात ही मॅच कोण खेळणार? म्हातारा आठ दिवसांत सुकला असता.

"नाही जमणार साहेब. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दहा वर्षं मागे लागला होतास की रे!"

"हो ना," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाय ओढत तो आत आला. बाबा पाठमोरे बसून ताईशी फोनवर बोलत होते, हळू आवाजात.

"अगं, कितीदा बोलावशील? मला काय यायचं नाहीये? पण तुझ्या भावाला टाकून कसा येऊ? जीव अडकलाय त्याचा त्या मेल्या खेळात. माझे तर डोळे फुटायची वेळ आली."