खुर्चीवर बसून

कोल्हापूरच्या बँडमध्ये निसार तरुणपणापासून क्लॅरिओनेट वाजवत आला होता, पण कायम वरातीपुढं चालत. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये ड्रमवाल्या अमीनला घेऊन तो गोव्यात समुद्रकाठच्या एका जुन्या गावात आला. तिथल्या बारचा मालक म्हणाला, “आजची संध्याकाळ गिऱ्हाइकांना आवडली, तर पावसाळाभर राहा. पण इथं बसून वाजवायचं.” निसार खुर्चीवर बसला आणि त्याला दमच पुरेना. सूर मध्येच तुटू लागले, पाय जागच्या जागी चुळबुळत राहिले. “अरे, वाजवणाऱ्याला कुणीतरी पाणी द्या,” एका टेबलावरून आवाज आला आणि सगळे हसले. अमीन पुटपुटला, “निसारभाई, काम गेलं बघा.” तेव्हा निसार उठला. दोन पावलं टाकताच फुंक मोकळी झाली. तो टेबलांमधून वाजवत निघाला, अमीन ड्रम बडवत त्याच्या मागं, आणि लोक ग्लास हातात घेऊन नाचत त्या दोघांच्या मागं. दाराशी निसारनं वळायला हवं होतं, पण पाय सरळ रस्त्यावर उतरले. रिकाम्या बारच्या दारातून मालक दोन्ही हातांनी परत बोलावत होता. “वळा की माघारी,” अमीन कानाशी ओरडला, “मिळालेलं काम जातंय न्हवं.” निसारनं चालता चालता क्षणभर फुंक थांबवली. “आजपतूर वरात कधी माघारी नेलीया व्हय आपण?”