सारसाचं घरटं

आंधळगावच्या इश्वरने त्या वर्षी तलावाला लागून असलेल्या बांदीत धान रोवलंच नाही. तिथल्या उंच गवतात सारसांच्या जोडीने दोन अंडी घातली होती. कोणी विचारलं की तो धानाच्या रोपांचं निमित्त सांगायचा, "पऱ्हं कमी पडलं ना बाप्पा." खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

दर रविवारी नागपूरहून पक्षी पाहायला येणारे धनंजय सर मात्र त्याला आपले वाटायचे. तलावाच्या पाळीवर बसून दोघांनी कितीदा एका थर्मासातला चहा प्यायला होता. एका सकाळी इश्वरला राहवलं नाही, त्याने सरांना लांबूनच घरटं दाखवलं. सरांचे डोळे भरून आले. "कोणाला कळू देणार नाही," त्याचा हात धरून ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पाळीवर अकरा गाड्या उभ्या होत्या. घरट्यावर ड्रोन घिरट्या घालत होता आणि कॅमेरे सावरत माणसं चिखलातून पुढे सरकत होती. इश्वर ओरडत धावला, पण तोवर जोडी उडून गेली होती. तीन दिवस तो बांधावर वाट पाहत बसला. चौथ्या दिवशी कावळ्यांनी अंडी फोडली.

त्यानंतर सर आले ते मान खाली घालूनच. "इश्वरभाऊ, आईशप्पथ, मी फक्त एकालाच सांगितलं होतं."

इश्वरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मीबी एकालेच सांगतलो होतो, सर. तुमाले."