भाऊंच्या मापाचं कापड

"टक्कर किरकोळ होती. वडिलांच्या बरगड्या मोडल्या त्या एअरबॅगनं," डॉक्टर शलाकाला म्हणाले.

ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे, हाडांप्रमाणे एअरबॅगचं कापड विणणाऱ्या कारखान्यात ती डिझायनर होती. वडिलांचं, म्हणजे भाऊंचं, कापड तिनंच घट्ट विणून घेतलं होतं; तेव्हा भाऊ धिप्पाड होते. आजारपणात ते निम्मे झाले, तेवढं घट्ट कापड त्यांच्या हाडांना झेपणारं नव्हतं, तरी नवं माप घ्यायला तिचं मन धजावलं नाही. ते घेणं म्हणजे भाऊ आता बरे होणार नाहीत, हे कबूल करणं होतं.

संध्याकाळी भाऊंनी डोळे उघडले. "तुझं कापड होतं म्हणून वाचलो गं," ते कसंबसं म्हणाले.

"हो, भाऊ."

तिनं त्यांचा हात धरला, आणि तो गार पडेपर्यंत सोडला नाही.