देवाशिवाय कुणी बघणार नाही

पश्चात्ताप ही देव आणि माणूस यांच्यातली अगदी खाजगी बाब आहे, असं आमच्या बाराओना गावच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांनी रविवारी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं. "सगळ्यांनी डोळे मिटा, मीही मिटतो. ज्याला पाप सोडायचंय त्याने हात वर करा. देवाशिवाय कुणी बघणार नाही."

एलाडियोने हात वर केला. रम सोडून तो देवाकडे वळत नाही तोवर घरी यायची नाही, असं बजावून त्याची बायको नुरिस बहिणीकडे राहायला गेली होती. आज ती पुढच्याच बाकावर होती.

बाहेर पडताना जो तो एलाडियोच्या पाठीवर थाप मारत होता. पाद्रीबुवांनी तर बाप्तिस्म्याच्या झग्यासाठी त्याची उंचीही विचारून घेतली.

"नुरिस, केला बघ मी हात वर! विचार ह्यांना."

"केला असशील. माझे डोळे मिटलेले होते. कुणी पाहिला का हो?"

"छे गं बाई, आम्ही कशाला बघू? प्रार्थना चालली होती ना!"

पाद्रीबुवा आभाळाकडे बघू लागले.

"मी पाहिला, वहिनी!" समोरच्या गुत्त्यातून एलाडियोचा पिण्यातला दोस्त चिचो ओरडला. "खिडकीतून दिसला. उजवा हात होता. आईशप्पथ, ग्लास नव्हता त्यात!"



नुरिस अजून बहिणीकडेच राहते.