दाराआडचे मुसळ

मंगळवार, दिनांक चार मार्च, सकाळी दहा वाजता, मौजे बोरखळ येथे सिंधूच्या उंबऱ्यावर उभा राहून दिवाणी न्यायालयाचा बेलिफ मनाई हुकूम वाचत होता: नवऱ्याने या घरात पाऊल ठेवू नये. शेजारी सिंधूच्या वकील, तगारेबाई.

"कागद चुलीत घाला, वकिलीणबाई," म्हणत समोर उभ्या नवऱ्याने कोयता चालवला. बेलिफाचा खांदा उकलला.

वकिलीपूर्वी बाईंनी पीडित स्त्रियांची संस्था चालवली होती. "मुसळ नको, कोर्टात चल," हे सिंधूला त्यांनीच शिकवलेले. म्हणूनच ती रिकाम्या हातांनी उभी होती. कोयता तिच्यावर उगारला गेला, तेव्हा बाईंना आपल्याच उपदेशाची भीती वाटली.

त्यांनी दाराआडचे मुसळ उचलून त्याच्या मनगटावर घातले. हाड मोडल्याचे साऱ्यांनी ऐकले.

रक्ताळलेला खांदा दाबत बेलिफ म्हणाला, "बाई, हुकूम बजावला गेला."